शेरा: तशी नाही झाली

...आणि वर पाकिटावर छापलंय काय, तर म्हणे पहिल्या घोटाला संत्र्याची आठवण येते! अहो, संत्र्याची आठवण यायला मी संत्रं सोलेन ना, त्यासाठी कॉफी कशाला उकळू? तुम्हाला सांगतो, मला आठवण पाहिजे होती आमच्या यशोदेची, आणि ती काही पाकिटात मिळत नाही. पोरगा आमचा, योगेंद्र, पुण्याला असतो, त्याला एवढंच म्हणालो की आई गेल्यापासून घरात धड कॉफी होत नाही, तर पठ्ठ्याने आठ दिवसांत पिंप्राळ्याच्या घरी कॉफीची आणि ती करायच्या यंत्रांची एवढी खोकी धाडली की कुरिअरवाला विचारतो, नवलनाना, दुकान टाकताय का?

आता खान्देशात कॉफी पिणारा माणूस म्हणजे... जाऊ द्या. दीपनगरच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं बॉयलरपुढे काढली, तिथे दक्षिणेकडच्या एका साहेबाने हा नाद लावला. यशोदा चहाची. तरी रोज चार वाजता माझी कॉफी यायची, काळी, जराशी करपट, तळाला किंचित गोड. कप ठेवला की ही दाराला टेकून उभी, मी पहिला घोट गिळेपर्यंत हलायची नाही. मला वाटायचं, केवढं प्रेम!

पोळ्याला ती गेली. पंधरा दिवस झाले असतील, चार वाजले आणि स्वयंपाकघरातून तोच वास! जाऊन बघतो तर गॅस बंद, भांडी पालथी, आणि वास दारात उभा. भीती वाटली का? वाटली की. जिवंत होती तेव्हाही वाटायची. पण खरी भीती निराळीच... तिचा आवाज मला आताशा नीट आठवत नाही हो. जिभेवर तेवढी चव राहिलीय, तीही गेली तर माझ्याकडे काय उरलं, हार घातलेला फोटो? म्हणून कंबर कसली.

बॉयलरवाला माणूस, लॉगशीटशिवाय हात चालत नाही. वही आखली. तारीख, बियांची भाजणी हलकी की गडद, पाण्याचं तापमान, वेळ आणि शेवटी शेरा. पहिला तो फ्रेंच प्रेस, काचेचा पेला आणि वर दट्ट्या. दाबला मी प्लांटच्या हाताने, अर्धी कॉफी छताला! उरली ती प्यालो. हलकी भाजणी, नुसतं गवताचं पाणी. शेरा: तशी नाही झाली. मग कागदाच्या गाळणीवर वरून पाणी सोडायचं, थेंब थेंब... सलाईनकडे बघत तिच्या उशाशी बसायचो ना, तसा बसलो होतो. उठूनच गेलो. शेरा: तशी नाही झाली. मग मोका पॉट. तो तर बॉयलरच हो, खाली पाणी, वर वाफ, सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा! म्हटलं, आता आपलं राज्य. गडद भाजणी घातली. कडूजहर. मध्यम भाजणी, पितळी फिल्टर, रात्रभर गार पाण्यात भिजवून... तशी नाही झाली, तशी नाही झाली. आणि दर चार वाजता वास हजर, जणू मागे उभी राहून विचारतेय, जमेना ना?

शेजारच्या मंजुळाबाईंना दर वेळी एक कप चाखायला न्यायचो. बिचाऱ्या म्हणायच्या, चांगली शे नाना. एकतिसाव्या कपाला मात्र पदर डोळ्याला लावला.

"नाना, जीव नका जाळू. अक्काची ती काफी नव्हतीच. दादर व्हती ती, भाजेल दादर."

दादर! आपली भाकरीची ज्वारी हो! मग बाईंनी सगळंच सांगून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या छातीत धडधड झाली होती, तेव्हा डॉक्टरांनी कॉफी बंद सांगितली. मला नाही, हिला सांगितली. मी ऐकणारा नाही हे गावाला ठाऊक. तेव्हापासून मी दुपारी आडवा झालो की ही मागल्या दारी खापरावर दादर काळी होईस्तोवर भाजायची आणि गुळाचा खडा टाकून उकळायची. मग मी मागवलेले चिकमंगळूरचे डबे? मंजुळाबाईंच्या घरी. अकरा वर्षं कॉफी त्या प्यायल्या! आणि मी इकडे पाहुण्यांना ज्ञान पाजतोय, की भाजणी मला नुसत्या वासावरून कळते. आता समजलं, ती दाराला टेकून का उभी राहायची. चोरी पकडली जाते का, ते बघायची. प्रेम कसलं... नाही हो, प्रेमच ते. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दादर भाजली, हात भाजला, उकळली, घोट घेतला. शेरा: झाली. हुबेहूब. वही मिटून लहान पोरासारखा रडलो.

पण तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून चारचा तो वास आपोआप यायचा बंद झाला. मी केली तरच येतो. तिचं काम संपलं बहुतेक. म्हणून आता चार वाजता माझी दादर आणि शेजारी तिचा चहा मांडतो, आलं ठेचून. म्हटलं, कॉफीला नाही तर चहाला तरी येईल. दाराकडे बघत बसतो. चहावर साय धरते. घरात थेंब फेकू दिला नाही तिने कधी, मग टाकणार कसा? मीच पितो. जन्मभर चहाला नाक मुरडलं, आता रोज एक कप... वहीत नोंद आहे. शेरा: गार आहे, पण बरा लागतो.