उभी करून पास केलेली म्हैस

अंबरनाथ पोलीस ठाणे
दिनांक ११ फेब्रुवारी १९९४

नाव : सौ. सुनेत्रा श्यामकांत देवस्थळी. वय : ३६ वर्षे. व्यवसाय : नोकरी (प्रयोगशाळा अधिकारी). राहणार : कुळगाव, बदलापूर पूर्व.

विचारणा झाल्यावरून मी जातीने हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती व सासूबाई (यांना आम्ही माई म्हणतो) यांच्यासह राहते. अंबरनाथ औद्योगिक वसाहतीच्या मागच्या टोकाला असलेल्या मेरूदीप फ्रोजन फूड्स या कंपनीत मी नोकरीला आहे. तेथे म्हशीचे मांस गोठवून, खोक्यांत भरून हॉटेलांना, कॅन्टीनना व बोटींना पाठवले जाते. कत्तलीची शेड व जनावरांचा वाडा त्याच आवारात आहे. मध्ये उंच भिंत आहे. माझी प्रयोगशाळा भिंतीच्या अलीकडे आहे. मांसाचे तुकडे माझ्याकडे ताटलीतून येतात. मी वास, रंग, आंबटपणा व जंतू तपासते. माझी सही झाल्यावर माल बाहेर पडतो. नोकरीला लागल्यापासून मी जिवंत जनावर पाहिले नव्हते. पाहू नये असे मला कोणी सांगितले नव्हते.

डिसेंबर महिन्यात काही तुकडे नेहमीपेक्षा काळपट व हाताला चिकट येऊ लागले. जनावर कापल्यानंतर मांस रात्रभरात थोडे आंबट होते आणि त्यामुळे टिकते. हे तुकडे आंबट होत नव्हते. मला वाटले की आंबटपणा मोजायचा मीटर बिघडला. मी घरून लिंबू आणि दही नेऊन मीटर लावून पाहिला. मीटर ठीक होता. माईंनी दही कशाला नेतेस असे विचारले, तेव्हा डब्यात हवे आहे असे मी सांगितले. माझ्या कामाबद्दल घरात बोलणे होत नाही.

मॅनेजर श्री. विष्णुपंत भाटवडेकर यांना मी तुकडे दाखवले. ते म्हणाले की रंगावरून कोणी आजारी पडत नाही, तुम्ही जंतू बघा. जंतू तेव्हा मर्यादेत होते. मी सही केली. परंतु मांस आंबट का होत नाही हे मला समजेना, आणि समजेना म्हणून चैन पडेना. मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझ्या जुन्या सरांना फोन केला. सरांनी सांगितले की जनावर उपाशी, तहानलेले, घाबरलेले असेल तर त्याच्या अंगातली साखर मरण्याआधीच संपते. मग मांस आंबट व्हायला काही उरत नाही. ते काळे पडते व लवकर नासते. त्यानंतर सर म्हणाले, "ते जनावर शेवटच्या दिवशी कसं होतं, हे पाहिलंस का तू?" मी नाही म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीच्या पलीकडे गेले. वाडा धुण्याचे काम करणाऱ्या कौसाबाई, राहणार जांभूळ, यांनी मला गमबूट दिले व सोबत आल्या. दावणीतले पाण्याचे हौद कोरडे होते. बाहेरगावाहून ट्रकने आणलेल्या म्हशी उभ्या होत्या. एक म्हैस शेणात पडली होती. वाड्याचे मुकादम हिरामण यांनी तिच्या मागच्या पायाला साखळी लावली. दोघांनी शेपूट पिरगळले. एकाने डोळ्यांत मिरचीची पूड घातली. म्हैस ओरडली व पुढच्या पायांवर उठली. तशी तिला साखळीने ओढत, कत्तलीआधी जनावरे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या खिडकीसमोर नेले. खिडकीतून हात बाहेर आला व पास अशी खूण झाली. तिला शेडमध्ये घेतले.

मी हिरामण यांना हे का करता असे विचारले. ते म्हणाले, "मॅडम, जनावर उभं नाय राहिलं तर डॉक्टर पास करत नाय. म्हणून उभं करायला लागतं." मी म्हटले की जे चालू शकत नाही ते आजारी असू शकते, म्हणून ते माणसांच्या खाण्यात घेऊ नये असा नियम आहे. ते म्हणाले की तोच नियम तर पाळतो, बसलेले एकही जनावर आत जात नाही.

खाणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या नियमामुळे म्हशीच्या डोळ्यांत मिरची जाते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. 

पाणी का नाही असे मी विचारत गेले. हिरामण म्हणाले की मोटार जळली आहे, ठेकेदाराला सांगितले आहे. ठेकेदार म्हणाला की मोटार कंपनीची आहे. मॅनेजरसाहेब म्हणाले की जनावर कापेपर्यंत व्यापाऱ्याचे असते. व्यापाऱ्याने फोनवर सांगितले की गेटच्या आत गेले की आपला संबंध संपला. पशुवैद्यक डॉ. चिंतामणी वर्तक म्हणाले, "माझ्यासमोर ती उभी होती." यातले कोणीही माझ्याशी खोटे बोलले असे मला वाटत नाही.

त्या म्हशीच्या मांसाचा तुकडा मी मागून घेतला. ओढत नेल्यामुळे कातड्यावरचे शेण मांसाला लागले होते. दुसरा तुकडा मी एका चालत आलेल्या, रवंथ करणाऱ्या म्हशीचा घेतला. दोन्ही एकाच फ्रीजमध्ये ठेवले. पहिल्याला लवकरच वास आला व त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढले. दुसरा चांगला राहिला. मी हे मॅनेजरसाहेबांना सांगितले. ते म्हणाले की एका तुकड्यावरून कारखाना बंद करता येत नाही. ते म्हणणे त्यांच्या बाजूने बरोबर होते, म्हणून मी आणखी तुकडे मागवले.

ते तपासून व्हायच्या आत, जानेवारीत, अंबरनाथमधील एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामगारांना उलट्या, जुलाब व ताप झाला. म्हशीचे मांस खाणाऱ्यांसाठी तेथे आठवड्यातून एकदा वेगळे कटलेट करतात. मांस आमचे होते. सर्वांत जास्त त्रास कॅन्टीनचे आचारी बाळाजी यांना झाला, कारण ते स्वतः खाऊन पाहिल्याशिवाय दुसऱ्याला वाढत नाहीत. मी त्यांना उल्हासनगरला दवाखान्यात भेटायला गेले. त्यांना सलाईन लावले होते व बोलताना धाप लागत होती. मी कुठून आले ते सांगताच ते म्हणाले, "चूक माझीच आहे. घाईत तळलं, आत लाल राहिलं." मी सांगितले की जंतू आधीपासूनच मांसात होते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटले झोपले. मग त्यांनी विचारले, "म्हशीला काय झालं होतं?"

या सगळ्यात हा प्रश्न मला विचारणारे ते एकटेच आहेत. मी त्यांना वाड्यातले सर्व सांगितले. त्यांच्या पत्नी अंजनी शेजारी बसल्या होत्या. त्यांनीही ते ऐकले.

कंपनीत परतल्यावर मी मॅनेजरसाहेबांना सांगितले की बाहेर गेलेला सगळा माल परत मागवावा लागेल. ते म्हणाले की फक्त कॅन्टीनची खोकी मागवू. मी सांगितले की खोक्यात अनेक म्हशींचे मांस एकत्र भरलेले असते. पडलेली म्हैस कोणत्या खोक्यात गेली हे आता देवालाही सांगता येणार नाही. ते म्हणाले की परत मागवले की आपण गुन्हा कबूल केला असे होते, मालक ऐकणार नाहीत. मी सांगितले की यापुढे माझी सही मिळणार नाही.

त्या दुपारी डॉ. वर्तक प्रयोगशाळेत आले. ते माझ्यावर रागावले असतील असे मी धरून चालले होते. त्यांनी जंतूंच्या काचेच्या बशा बघायला मागितल्या. एकेक बशी खिडकीपाशी नेऊन पाहिली व कोणती कोणत्या म्हशीची हे विचारले. नंतर ते माझ्यासोबत वाड्यात आले. त्यांच्या पायात चपला होत्या. त्याच पायांनी ते शेणातून चालले. तेव्हाही एक म्हैस पडलेली होती व हिरामण साखळी घेऊन येत होते. डॉक्टर म्हणाले, "साखळी ठेव. मी हिला पडल्या जागी तपासतो." त्यांनी ती नापास केली. मग ऑफिसात जाऊन मालकांना स्वतः फोन लावला. डिसेंबरपासूनचे एकही पासिंग मी खरे मानत नाही, असे ते म्हणाल्याचे मी ऐकले. त्यांना नोकरीवरून काढल्याचे मला काल समजले.

त्या फोननंतर मालकांनी माल परत मागवला व दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. उल्हासनगर कॅम्प ५ मधील हॉटेलांतून टेम्पो आले, मुंबईच्या शीतगृहांतून ट्रक आले. थंडखोल्या भरल्या, तरी गाड्या गेटबाहेर उभ्या होत्या. कॅन्टीनमधील विषबाधेच्या तक्रारीवरून पोलिसांनी पंचनामा करून थंडखोल्या सील केल्या. ही सर्व खोकी चुना टाकून पुरली जाणार आहेत. इतक्या म्हशी कोणाच्याही पोटात न जाता मातीत जातील, हेही नमूद व्हावे अशी माझी विनंती आहे.

डॉक्टरांनी नापास केलेल्या म्हशीबद्दल सांगते की, तिला कत्तलीला घेता येत नव्हते व बाहेर न्यायला कोणी तयार नव्हते. ती फक्त तहानलेली आहे की आजारी आहे, हे मला पाहायचे होते. कौसाबाई म्हणाल्या, "ताई, ती काय आता उठाची नाय." तरी आम्ही दोघींनी बादल्यांनी पाणी आणले. तिने पहिली बादली तोंड न उचलता संपवली. डोळे धुतले. त्या दिवशी ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी पेंढा खाल्ला. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा ती भिंतीला अंग टेकून उभी होती. साखळी कोणी लावलेली नव्हती. कौसाबाई तिच्याकडे बघत बसल्या होत्या, काम टाकून. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी तिलाही ताब्यात घेतले. सध्या ती या पोलीस ठाण्याच्या मागे बांधलेली आहे.

तपास करणाऱ्या पोलीस साहेबांनी मला विचारले की तुमच्या मते जबाबदार कोण. ज्यांनी मला जे सांगितले ते मी वर सांगितले आहे. त्यात माझी सहीही धरावी. हौद भरण्याचे काम नेमके कोणाचे, हे मला अजून कळलेले नाही आणि मी विचारणे थांबवलेले नाही.

म्हैस ताब्यात घेण्यासाठी व्यापारी आला नाही. कंपनीने ती आपली नाही असे कळवले. म्हणून सुपुर्दनाम्यावर मी सही करत आहे. काल रात्री मी हे घरी सांगितले. माईंनी दूध देते का असे विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आणून करणार काय?" मी सांगितले की ती किती दिवसांत नीट चालू लागते ते बघणार आहे. कौसाबाईंनी जांभूळला त्यांच्या गोठ्यात जागा देऊ केली आहे. माईंनी बघायला येईन असे म्हटले आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच उतरला आहे. शेवटी "मुद्देमाल, नग एक" असे लिहिले होते, तेथे माझ्या सांगण्यावरून "म्हैस, जिवंत" अशी दुरुस्ती केली आहे. दुरुस्तीपुढे माझी सही आहे.

सौ. सुनेत्रा श्यामकांत देवस्थळी