शेजारची सीट

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते. त्याच्या हातात ब्रेक ऑइलचा डबा होता.

“पिकअपमधली शेजारची सीट कुठे गेली?”

“काढली. तिथे मोठा स्पीकर बसवतोय.”

“आणि मी कुठे बसू?”

“तुला कुठे त्या जुन्या गाडीतून फिरायचंय? भंगार म्हणायचीस तू तिला.”

“पहिल्या वर्षी म्हणायचे. नंतरची पाच वर्षं दारांचा गंज कोणी घासला? नखं बघा माझी.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. त्या सीटला मी शिवलेलं कव्हर कुठंय?”

“इंजिन पुसायला घेतलं.”

“तीन रविवार मशीनवर मान मोडून बसले होते मी त्यासाठी.”

“बरं बाई, चुकलं. घरी गेल्यावर हवं तेवढं भांड. पण आधी ब्रेकमधली हवा काढून घेऊ. मी गाडीखाली शिरतो, तू नेहमीसारखी वर बसून पेडल दाब.”

“स्पीकरला सांगा दाबायला.”