अंगातलं भारनियमन

येडीच हाय की मी, डॉक्टर — पन्नास किलोमीटर पळायचं, आणि निघताना गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर थांबून म्हशीचं धारोष्ण दूध प्याले, मोठा ग्लास भरून, फेसासकट. कुणी सांगितलतं? कुणी न्हाय. आमचं मालक कुस्तीला जाताना पिऊनच जायचं, म्हणून. पण ती कुस्ती — धरला, पाडला, घरी. हितं निम्म्या वाटंवर सगळं बाहेर, ते बी तुझ्याच तंबूच्या दारात. सॉरी हं पोरी.

व्हय, काल नंबर वाटताना तू सांगितलतंस की सगळ्यांना — लांब पळताना अंग भारनियमन करतं म्हणून. पयली लाईन पोटाची तोडायची, रगत पायांकडं वळवायचं. दूध बसलं तसंच हिंदकळत. आणि रोज लई पळून कमी खाल्लं, तर पाळी बी बंद करतंय, जगायला लागत न्हाय म्हणून. काळजाची आणि मेंदूची लाईन तेवढी चालू. मी मागं बसून हसत हुते — माझी दिवाळीपासनं बंद हाय. सासू म्हणती वय झालं. मी म्हटलं, वीज वाचाय लागलीया, बरंच हाय.

श्रावणात मालक गेलं ना — असं नको बघू, मी काय रडत न्हाय. तवा बी न्हाय रडले. माणसं आली, चहा केला, कप इसळले. जाऊ म्हणाली, दगड हाय ही. मग पळाय लागले. घरात बसून बधिर असलं की लोक बघत्यात, पळून बधिर झालं की मेडल देत्यात — कुठलं परवडलं, तूच सांग?

म्हणून छातीवरचा नंबर तेवढा काढून घेऊ नको, शर्यतीत राहू दे. हळूहळू जाते की. आत्ता थांबले, घरी गेले, आणि लाईन परत आली म्हंजे? एकदम येती गं ती — पंखा, मिक्सर, मोटार, सगळं एका टायमाला. मला न्हाय पेलायचं ते.

पाय? पायांना काय धाड भरलीया. सुई टोचून बघणार? टोच की, डोळं मिटते... व्हय, ही बघ, डाव्या अंगठ्याला टोचलीस. चांगली चुणचुणली, आई गं. कळतंय की सगळं. झालं न्हवं? जाऊ मी?

"काकी, सुई अजून पाकिटातच आहे."