लाईटची गाडी आन गंगेचं पानी

लिहा, पन बेतानं लिहा, मी एकदा सुरू झाले की थांबत नाय, आमचे हे म्हनत्यात हिच्या तोंडाला ब्रेकच नाय. माझं नाव शेवंता. माहेर सिन्नरच्या पल्याडचं, बाप गाडीवान, भाड्यानं लोकांचा माल वाहायचा, आन भाऊ माझा धाकटा, पाळन्यात, म्हनून बापाशेजारी गाडीवर मीच. कासरा धरायला मी आधी शिकले, भाकरी थापायला मागून. आई कपाळाला हात लावायची, म्हनायची हिला सासरी काय बैल हाकायला धाडायची हाय का. तर काय सांगू तुम्हाला, सासर मिळालं तेबी गाडीवाल्याचंच, फक्त बैलाच्या जागी पेट्रोल.

आमचं घर नाशिकरोडला, देवळाली गावात. आमच्या ह्यांची जुनी काळी मोटार व्हती, टेशनावर उभी करायची आन मिलिटरीवाल्यांच्या बायापोरांना कॅम्पात पोचवायची, ट्रंका काय, वळकट्या काय, एकदा तर एका सुभेदाराच्या बायकोनं कोंबड्या आनल्या व्हत्या, त्या सुटल्या गाडीत, जाऊ द्या, ते येगळंच सांगनं हाय. तर त्या मोटारीला पुढून हँडल घालून गरागरा फिरवायचं, तव्हा ती खोकत खोकत चालू व्हायची. आन कधी मनात आलं तर ते हँडल उलटं फिरायचं, फाडकन. आमच्या ह्यांचं मनगट मोडलं त्याच्यात. हात गळ्यात बांधून बसले घरी, मोटार दारात उभी, मी म्हनलं मला शिकवा, मी चालवते. हे हसले, म्हनले आधी हँडल तर फिरव. मी पदर खोचला, दोन्ही हातांनी लटकले त्याला, ते काय हललं नाय. हे म्हनले, झालं? बायांचं काम नाय ते. पन माझ्या मनातून गेलं नाय बरं का. मला गाडी चालवायची व्हती. दागिना नको, लुगडं नको, तेवढंच पाहिजे व्हतं.

ह्यांचा हात मोडला म्हनून मी खानावळ घातली. माझा भाऊ दगडू तव्हा एकलहऱ्याच्या वीजघरात लागला व्हता, वायरमन, त्याच्या संगतीची पोरं जेवायला यायची. माझ्या हाताला चव हाय, मी नाय म्हनत, जेवनारे म्हनत्यात. आन सासूबाई माझ्या, मी त्यांना आत्याबाई म्हनते, त्या पोळ्या लाटायला बसल्या की दोन बायांना मागं टाकत्यात.

ह्यांचा हात बरा झाला, मोटार पुन्हा निघाली, आन त्याच साली पेट्रोल महाग झालं. असं तसं नाय, आज एक भाव आन उद्या एक, हे पंपावरून यायचे ते तोंड पाडूनच. भाडं वाढवावं तर गिऱ्हाईक टांग्यात बसायचं. तशात एक बातमी आली. कॅम्पाच्या पल्याड माळावर छातीच्या रोग्यांचा दवाखाना व्हता, हवा चांगली म्हनून लांबलांबून मान्सं येऊन राहायची, महिनोन्महिने. त्यांचा आचारी सोडून गेला, रोजचं दुपारचं जेवन बाहेरून घ्यायचं ठरलं. मी आन हे भेटायला गेलो. मेट्रनबाई केरळच्या, उंच, पांढऱ्या साडीतल्या, मराठी तोडकं पन बोलनं सरळ. म्हनल्या जेवन आवडलं, पन मोटार फाटकाच्या आत नाय. धूर नको, घरघर नको, हॉर्न तर नकोच. माझी मान्सं इथं श्वास घ्यायला आली हायत. आन फाटकापासून वॉर्डापर्यंत केवढा लांब रस्ता, निलगिरीच्या झाडीतून, डोक्यावर पातेली नेईस्तोवर रस्सा गार. दुसरा एक खानावळवाला टपून व्हता, त्याच्यापाशी मान्सं लय. हे काम मिळालं तर आमची खानावळ उभी राहनार व्हती, नाय तर पुन्हा सगळं त्या खोकनाऱ्या मोटारीवर.

दगडू म्हनला, आक्का, मी बघतो. आन गेला तो कुठंतरी, एक बंद पडलेला कारखाना व्हता, त्याच्या भंगारातून एक गाडी घेऊन आला. कारखान्याच्या आत माल वाहायची असती ना बॅटरीवरची, बुटकी, तसली. दोस्तांनी मिळून तिच्यावर पत्र्याचं छप्पर टाकलं, बसायला बाक केला. आत्याबाईंनी विचारलं हे काय, तर म्हनला लाईटची गाडी. आत्याबाई म्हनल्या, मुडद्या, लाईट तर आमच्या मोटारीलाबी हाय, दोन दोन हायत, एक फुटलाय. मंग त्यानं समजावलं की आतमधी लाईट भरून ठेवायची आन त्याच्यावर ती चालनार.

आन त्या दिसापासून जेवायला बसलं की भांडन. दगडू म्हनायचा, दाजी, पेट्रोल म्हंजी बुडाखाली भडका घेऊन बसायचं, नळी तोंडात धरून वढताना किती येळा गिळलंत सांगा. हे म्हनायचे, आन तुझ्या त्या डब्यात तेजाब हाय त्याचं काय, अंगावर सांडलं तर? माझी मोटार मिनिटात पेट्रोल पिती आन घोटीला जाती, तुझी रातभर भिंतीला लावून ठेवायची आन कॅम्पापर्यंत गेली तर गेली. दगडू म्हनायचा, पन खर्च बगा, लाईटचं बिल आन पेट्रोलचा भाव बगा. हे म्हनायचे, बॅटऱ्या मेल्या की नव्या घ्यायला मोटार इकावी लागंल, तव्हा खर्च बगू. दोघांचंबी खरं व्हतं बरं का, मी वाढताना ऐकायची. मंग ह्यांनी बिडी काढली की दगडू वरडायचा, दाजी, बॅटरी चार्जिंगला हाय, बिडी नको, तिचा वायू पेट घेतो. हे उठून मोटारीकडं जायचे तर आत्याबाई वरडायच्या, पेट्रोलजवळ बिडी नको. हे म्हनायचे, तिथं नको, इथं नको, मंग आता वढायला काय पंचवटीला जाऊ? आम्ही पोट धरधरून हसायचो.

मी काय केलं, एक दीस दुपारी त्या लाईटच्या गाडीवर चढून बसले. किल्ली फिरवली. हँडल नाय, खोकनं नाय. पाय दाबला आन ती निघाली, गपचूप, आपल्या पायानं. मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, डोळ्यातनं पानी. दगडूनं मंग मैदानावर नेऊन शिकवलं, वळवायला, थांबवायला. हे लांबून बघायचे.

आळीतल्या लोकांना एक चक्कर पाहिजे व्हती, पन भ्या वाटायचं करंटचं. एकलहऱ्याची मान्सं जेवायला यायची ना, कुनाला कसा झटका बसला ते सगळ्यांनी ऐकलेलं. तर लोक यायचे ते सगळे रबरी चप्पल घालून! जरीचा फेटा आन खाली रबरी चप्पल. आत्याबाईंनी तर कहर केला. कुनीतरी सांगितलं कोरड्या लाकडावर उभं राहिलं की करंट लागत नाय, तर त्या घरातला जेवायचा पाट घेऊन आल्या, बाकावर ठेवला आन त्याच्यावर मांडी घालून बसल्या. दगडू म्हनला, आत्याबाई, हिला कुनाला झटका द्यायची ताकद नाय हो. त्या म्हनल्या, असू दे, मला माहीत हाय, पन पाट असू दे.

आता मेन गोष्ट. मेट्रनबाईंनी एक दीस ठरवून दिला, त्या दिवशी आमचं जेवन वॉर्डापर्यंत गरम आलं पाहिजे, आवाज नको, धूर नको, मंग काम पक्कं. दगडूची त्या दिवशी ड्युटी. आदल्या दिवशी कामावर जाताना सांगून गेला, बॅटरीचं पानी कमी झालंय, ते फक्त शुद्ध पानी पिती, नळाचं घालू नका, हिरीचं घालू नका, मी येताना बाटली आनतो. आत्याबाईंनी ऐकलं. शुद्ध पानी! आता तुमीच सांगा, नाशिकच्या म्हातारीला शुद्ध पानी म्हनलं तर तिला काय सुचंल? बाटलीतलं का गंगेचं? आमी गोदावरीला गंगाच म्हनतो. त्या बिचाऱ्या कुनाला न सांगता बस धरून रामकुंडावर गेल्या, तांब्या भरला, पदरानं झाकून आनला, आन सुनंची गाडी हाय, कमी नको पडायला म्हनून बॅटऱ्यांची बुचं काढून काठोकाठ भरल्या. वर हळदीकुंकू. तेवढ्यात दगडू बाटली घेऊन आला, तर म्हनल्या राहू दे, मी घातलंय शुद्ध. तो दमलेला, त्याला वाटलं दुकानातलं आनलं असंल.

रातभर गाडी चार्जिंगला. सकाळी आत्याबाई बघत्यात तर बॅटऱ्या उतू गेलेल्या, खाली थारोळं. त्यांना वाटलं गंगा हाय, तीर्थ हाय, पाय पडायला नको, म्हनून अंगावरचं दिवाळीचं हिरवं लुगडं, त्याच्या पदरानं सगळं पुसून घेतलं. नशीब, पोळ्या लाटायच्या व्हत्या म्हनून हात लगेच साबनानं धुतले.

निघालो. मी चालवतीय, मागं पातेली, आत्याबाई पाटावर. हे सकाळीच निघून गेले व्हते, म्हनले मला टेशनावर भाडं हाय. मला वाईट वाटलं, वाटलं आज तरी थांबायचं. कॅम्पातून गेलो तव्हा शिपाई उभे राहून बघायला लागले, बाई गाडी चालवतीय आन गाडीला आवाज नाय. मला असं वाटलं की बापानं बघायला पाहिजे व्हतं. आन माळाचा चढ लागला तशी गाडी हळू झाली. आनखी हळू. मी पाय दाबतीय, ती बसतीय. आन मदी चढावर थांबलीच. मी म्हनलं, हिला झालं काय? तर मागून आत्याबाई बारीक आवाजात म्हनत्यात, मी तर तिला गंगा पाजली व्हती गं. मंग सगळं निघालं, तांब्या, रामकुंड, काठोकाठ. मी हसू का रडू? त्या रडायलाच लागल्या, म्हनल्या मी तुझं काम घालवलं. मी म्हनलं रडू नका, रस्सा झाका.

आन मागनं खोकल्याचा आवाज आला. काळी मोटार! हे आमच्या मागं मागंच येत व्हते, लांबून, दिसू न देता. भाडं बिडं काय नव्हतं. उतरले, टिंगल नाय, काय नाय, दोर काढला, माझ्या गाडीला बांधला आन चढावर वढत फाटकापर्यंत नेली. फाटकात मेट्रनबाई उभ्या, घड्याळ बघत. ह्यांनी दोर सोडला. मला म्हनले, आता पुढं तू. मी म्हनलं, ती मेलीय हो. आन तव्हा मला बापाचे बैल आठवले, चढावर दमले की बाप त्यांना मारायचा नाय, उभं करायचा, दम घेऊ द्यायचा. मी मेट्रनबाईंना म्हनलं, बाई, जरा दम घेऊ द्या तिला. घेतला दम. मंग किल्ली फिरवली, पाय अलगद टेकवला, आन काय सांगू तुम्हाला, निघाली! आतला रस्ता सपाट, निलगिरीची सावली, कसला आवाज नाय, पाखरं ऐकू येत्यात. वॉर्डाच्या व्हरांड्यात मान्सं खाटांवर, त्यांना आमी आलेलं कळलंच नाय, आधी रस्स्याचा वास गेला, मंग एकानं मान वर केली, म्हनला अरे, जेवन चालत आलं काय! आन सगळे हसले. छातीची दुखनेकरी मान्सं ती, हसली.

मेट्रनबाईंनी रस्सा चाखला, गरम व्हता. मंग त्यांचं लक्ष आत्याबाईंकडं गेलं, म्हनल्या आजी, तुमच्या पदराला काय झालं? बगतो तर पदराची चाळन झालेली, भोकंच भोकं, हात लावंल तिथं गळून पडतोय. बॅटरीचं तेजाब! आत्याबाई पदराकडं बघत राहिल्या, म्हनल्या, गंगेनं माझं लुगडं खाल्लं. मेट्रनबाईंना सगळं सांगितलं तव्हा त्या खुर्चीवर बसून हसल्या, मंग उठून आत्याबाईंचे हात उलटेपालटे करून बघितले, कुठं भाजलं नाय ना म्हनून.

काम मिळालं. येताना हे म्हनले, असं करू, फाटकापर्यंत माझी, फाटकाच्या आत तुझी. तुझी गाडी तिथंच शेडमधी राहू दे, लाईट हाय तिथं. दगडूला सांगितलं तर म्हनला म्हंजी दाजी, कोन जिंकलं? हे म्हनले, जेवन जिंकलं. इतक्या वर्सांचं लग्न माझं, पन ह्यांनी फाटकात दोर सोडून आता पुढं तू म्हनलं ना, तव्हा मला ह्यांचं जे वाटलं ते लग्नातबी वाटलं नव्हतं.

आता किती वर्सं झाली. मधी बॅटऱ्या बदलाव्या लागल्या, हे म्हनत व्हते तसं जिवावर आलं, पन बदलल्या. काळ्या मोटारीच्या जागी आता दुसरी हाय, तिला हँडल नाय, तीबी मी चालवते. पोरगी इंदिरानगरला दिली, जावई इचारतो सासूबाई, गाडी कसली घ्यावी? मी म्हनते, लांब जायचं तर पेट्रोल, मान्साजवळ जायचं तर लाईट, आन बिडी कुठंच नको. तो हसतो. तुमीबी हसा, तुमच्या घरात सदा असंच हसनं राहो.

आत्याबाई हायत अजून, त्या बगा, उन्हाला बसल्यात. त्यांनी गंगेची एक बाटली लाखेनं बंद करून ठेवलीय, शेवटाला तोंडात घालायला. काल मला जवळ बोलावलं, म्हनल्या शेवंता, मला न्यायची येळ आली की तुझ्या लाईटच्या गाडीतूनच ने, धूर नको, आवाज नको, गपचूप जाईन. मी म्हनलं, बरं आत्याबाई. मंग हात धरला माझा, म्हनल्या, पन खाली पाट टाकायला इसरू नको हां, करंट लागंल.