लाल क्रेट, हिरवं बटण

मी दिंडोरीची. म्हणजे जन्म दिंडोरीचा, शाळा दिंडोरीची, सासर बी दिंडोरीतच, दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं माहेरी जायचं तर चपला घालायचा बी कंटाळा. नाव नसीम. अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान व्हतं, बायकांचे ब्लाऊज शिवायचे ते, आन काय सांगू ताई तुम्हाला, ह्या तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या अब्बांच्या ब्लाऊजात लागली आसतील. मी लहानपणापासून दुकानात बसायची, हूक लावायची, काजं करायची आन बसल्या बसल्या बडबड करायची, अम्मी म्हणायची हिला तोंड जरा जास्तीच दिलंय अल्लानं. खरंच हाय ते. मला चुकीचं दिसलं की गप बसवत नाय, मंग समोर कुणी का आसंना.

अब्बांचं एक मला लय आवडायचं. एखादी बाई ब्लाऊज घेऊन परत यायची, म्हणायची दंडात रुततंय, तर अब्बा कवाच म्हणले नाय की बाई तुमचा दंडच जाड. द्या इकडं, उसवतो, एवढंच म्हणायचे. माझे भाऊ हसायचे, मागून नकला करायचे, अब्बा त्यांना बी काही बोलायचे नाय, उसवत बसायचे. बारावी झाल्यावर मी टायपिंग केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आन लग्नानंतर द्राक्षाच्या पॅकहाऊसमधी ऑपरेटर म्हणून लागले. सासूबाई म्हणल्या, जा, घरात बसून आमचंच डोकं खाशील.

आता तुम्ही पॅकहाऊस पाह्यलंय का नाय माहीत नाय. लांबच लांब शेड, आत एसी लावलेला, बाहेर ऊन तापलेलं आन आत बायका स्वेटर घालून उभ्या. बागेतनं घड येत्यात, बाई डाव्या हातात देठाला धरून घड उचलती, उजव्या हातात बारीक कात्री, खराब मणी तेवढा कापून टाकती. तिथं पहिला नियम काय, तर मण्याला बोट लावायचं नाय. मण्यावर पांढरी पावडर आसती, बोट लागलं की निघती, मंग माल परदेशात कुणी घेत नाय. प्रत्येक बाईच्या पुढं दोन क्रेट. चांगला घड लाल क्रेटात, तो कंटेनरला जायचा. राह्यलेला हिरव्या क्रेटात, तो लोकल बाजाराला. शेड चालू झालं तवापासून हेच. का लाल, का हिरवा, कुणालाच माहीत नाय, मालकांनी तवा आणले तसे आणले. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे.

आन ह्या बायका कोण, तर पेठकडच्या डोंगरातल्या. भात निघाला, नागली निघाली की खाली उतरायच्या, द्राक्षाचा सीझन करायच्या, वर जायच्या. त्यांची मुकादम यमुनामावशी. बारीक चणीची बाई, पण शेडमधी चालायला लागली की मॅनेजर बाजूला व्हायचा. तिच्या टोळीतल्या किती जणी तर आईबरोबर यायला लागल्या आन मंग सुनेला घेऊन यायला लागल्या. त्यांचं वर्षाचं चालायचं ते ह्या सीझनवर. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते ह्याच्यावरच आलं.

तर एक वर्षी अण्णांनी मशीन आणलं. बाहेरच्या एका कंपनीचं. टेबलाजवळ काटा, काट्याशेजारी स्क्रीन. क्रेट भरलं की काट्यावर ठेवायचं, स्क्रीनवर बटण दाबायचं, हिरवं बटण म्हणजे माल पास, लाल बटण म्हणजे माल नापास, की लगीच स्टिकर बाहेर, तो क्रेटाला लावायचा. ऐकायला सोपं हाय की नाय? मॅनेजरनं बायकांना गोळा करून दाखवलं, बायकांनी माना हलवल्या, आन झालं सुरू.

काय झालं आसंल सांगा बरं. बाईनं लाल क्रेट उचललं, चांगला माल, काट्यावर ठेवला, आन लाल बटण दाबलं. हिरवं क्रेट ठेवलं, हिरवं बटण दाबलं. हातानं बरोबर निवडलेला माल, आन मशीनमधी सगळा उलटा. कंटेनरच्या मालाला लोकलचा स्टिकर, लोकलच्या मालाला कंटेनरचा. कोल्ड स्टोरेजमधी जाऊन बसला तवा कळलं. सगळं बाहेर काढून परत निवडलं, आन एकदा गारठलेला माल बाहेर काढला की काय व्हतं ते मी सांगायला नको. त्यातला लय माल गेला.

मॅनेजर म्हणला अडाणी बाया हायत. मंग त्याला सुचलं, क्रेटच बदलू, आजपासनं हिरव्यात चांगला. एक सकाळ ते बी करून पाह्यलं. तोवर निदान माल तरी बरोबर निवडला जात व्हता, त्या सकाळी माल बी घोटाळला. शेवटी परत होतं तसं केलं. आन ताई, नुसतं रंगाचं नव्हतं ते. बटण बी लागायचं नाय. बायका त्या स्क्रीनला आशा हात लावायच्या, आशा, हळूच, नखाच्या टोकानं, वरनं हातमोजे. मॅनेजर वरडायचा दाबा की जोरात. पण ज्या हाताला आयुष्यभर सांगितलं की बोट लावू नको, तो हात एकदम जोरात कसा दाबणार? मंग दोनदा दाबायच्या, तीनदा दाबायच्या, आन स्टिकर एकाला तीन.

अण्णांनी मला केबिनमधी बोलावलं. म्हणले, नसीम, पुढचा कंटेनर भरायचाय, तवर ह्यांना शिकव. नाय जमलं तर ही टोळी बंद, मी शिकलेल्या पोरी आणतो. मी म्हणले, अण्णा, ह्या बायका तुमच्याकडं किती वर्षं येत्यात. ते म्हणले, मला बी वाईट वाटतं, पण माल सडला तर मी काय करू. माणूस वाईट नव्हता तो. पण म्हणला ते खरं करणारा व्हता.

बाहेर आले तर यमुनामावशी दारातच. तिला सगळं कळलेलं. म्हणली, पोरी, आमी आता वर जाऊन काय सांगायचा, निवडता येत नाय म्हून काढला? एवढंच म्हणली आन परत टेबलाशी गेली. मला आसं भरून आलं. आन मंग राग आला, लय राग आला, आन मला राग आला की मी गप बसत नाय, कामाला लागती.

दुसऱ्या दिवशी मी शिकवायचं सोडलं आन मावशीच्या शेजारी कात्री घेऊन उभी राह्यले. मॅनेजर म्हणला, हे काय. मी म्हणले, माप घेतीय. दिवसभर घड कापले. तवा कळलं की एका हातात घड, एका हातात कात्री, नजर मण्यावर, आन ध्यान कुठं, तर लाल क्रेट किती भरलं त्याच्यावर. बाईच्या डोक्यात लाल हाय, हातात लाल हाय, आन स्क्रीन म्हणती लाल म्हणजे वाईट. मी स्वतः, सगळं माहीत आसून, संध्याकाळी घाईत लालच दाबलं. मी तर कॉम्प्युटरवाली. मला हसायलाच आलं.

मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. केतन नाव त्याचं, नाशिक रोडला राहायचा. तो म्हणला, मॅडम, जगात सगळीकडं हिरवं म्हणजे चांगलं. मी म्हणले, जगात आसंल, आमच्या शेडात नाय, या आन बघा. मला वाटलं ठेवंल फोन. पण आला पोरगा, मोटारसायकलवर. आन आल्या आल्या म्हणला, मी आजवर पॅकहाऊस आतनं पाह्यलंच नव्हतं, मला फक्त कागद दिला व्हता. तिथंच मला तो आवडला.

मंग आम्ही दोघांनी काय केलं, तर द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी फाडली. मी अब्बांच्या दुकानातला खडू आणला व्हता, त्यानं पुठ्ठ्यावर बटणं काढली, मोठी मोठी, क्रेटाची चित्रं, चांगल्या मालाला लाल आन लोकलला हिरवं, आन पुठ्ठा टेबलाशी टांगला. मावशीला म्हणले, हे मशीन हाय आसं समज. ती म्हणली, तुझा डोका फिरलाय का गं? पण केलं बाईनं. सगळ्याजणी हसत हसत पुठ्ठ्याला बोट लावत व्हत्या आन केतन कोपऱ्यात उभा राहून बघत व्हता. रंग जुळला तसं उलटं पडायचं थांबलं. पण बटण दाबायचं विसरायच्या त्या विसरायच्याच. पुठ्ठा खाली लावला, वर लावला, चित्र आणखी मोठं काढलं, तरी तेच. हात रिकामा झाला की बाई दुसरा घड उचलायची.

मी डोक्याला हात लावून बसले. आन बसल्या बसल्या दिसलं की बटण विसरत्यात, पण काट्यावर क्रेट ठेवायचं एक बी बाई विसरत नाय. एक बी नाय. मी केतनला म्हणले, आरं, मंग दाबायचंच कशाला? दोन काटे ठेव. एकाला लाल पत्रा, एकाला हिरवा. क्रेट ठेवलं की काट्यानंच वळखायचं. केतन म्हणला, चुकून भलत्या काट्यावर ठेवलं तर? मंग हे त्यानं काढलं, की ठेवल्यावर जरा थांबून घंटी वाजायची, घंटी वाजायच्या आत क्रेट उचललं तर काहीच झालं नाय आसं धरायचं. तो दिवसभर लॅपटॉप घेऊन शेडमधीच बसला, अण्णांच्या घरनं भाकरी आली, तीच खाल्ली. बटणं सगळी काढून टाकली त्यानं. मॅनेजर म्हणला, एवढं पैशे घालून आणलं आन बटणंच नाय?

कंटेनर भरायचा दिवस आला. अण्णा सकाळपासनं खुर्ची टाकून बसलेले. बायका लागल्या. घड, कात्री, लाल क्रेट, काटा, घंटी, स्टिकर. घड, कात्री, काटा, घंटी. जेवणाच्या आधी अण्णा उठले, मधलेच क्रेट उघडून बघायला लागले, एक उघडलं, बरोबर, दुसरं उघडलं, बरोबर, पार कोल्ड स्टोरेजच्या दारापातुर गेले उघडत उघडत. एक स्टिकर चुकीचा सापडला नाय. परत आले, यमुनामावशीपुढं उभे राह्यले, आन म्हणले, मावशी, पुढच्या साली बी टोळी घेऊन या. मावशीनं मान बी वर केली नाय, घड कापता कापता म्हणली, येऊ की. आन ताई, मी मागं जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. आनंदानं रडले, आन मंग तोंड धुवून मॅनेजरपुढनं दोनदा उगीचच चालले.

त्यानंतर केतनच्या कंपनीनं मलाच ठेवून घेतलं. आता माझं काम काय, तर जायचं आन बघायचं. लासलगावला कांद्याच्या शेडमधी गेले, तिथं धुळीनं स्क्रीन दिसायचीच नाय, ते निस्तरलं. आता दवाखान्याच्या नंबराचं मशीन हाय हातात. पोरं मला मॅडम म्हणत्यात, इंजिनिअर पोरं, आन मी त्यांना पहिल्या दिवशी पुठ्ठा फाडायला लावते. सासूबाई सगळ्या गल्लीला सांगत फिरत्यात, आमची सून मशीनला अक्कल शिकवती.

आवंदा सीझनला मी सहज त्या शेडात गेले. मावशीनं नातसून आणली व्हती, पहिल्यांदाच डोंगर उतरलेली, मला काय वळखत नव्हती. चांगली झपाझप क्रेट ठेवत व्हती काट्यावर, स्टिकर लावत व्हती. मी विचारलं, काय गं, मशीन जमतंय का, कुणी शिकवलं? तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन म्हणली, कंचा मशीन? हा तर काटा हाय.

काय सांगू तुम्हाला, आजवर लोकांनी लय कौतुक केलं माझं, पण आसं कुणीच केलं नाय. मी तिला सांगितलंच नाय मी कोण ते. कशाला सांगायचं, तिचं काम चाललंय ना. अल्ला तिचे हात असेच चालते ठेवो, आन तुमचे बी. घ्या, चहा घ्या.