टोटल नऊ

...आणि मी काय म्हणतो, फोन नंबरचं काम काय? फोन वाजवणं! पण नाही! होणाऱ्या विहीणबाई, मिरा रोडच्या नीलमताई, आमच्याकडे भाईंदर पश्चिमेला आल्या, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, साखरपुड्याची तारीख काढली आणि उठता उठता म्हणतात कशा, "क्षितिजा, तुझा नंबर काय गं? ...अगंबाई! बेरीज सत्तेचाळीस! चार नि सात अकरा, एक नि एक दोन! आमच्याकडे गाडी, फ्लॅट, सगळ्यांची टोटल नऊ. तेवढा बदलून घ्या हं."

तेवढा! आता आमची क्षितिजा गणितात एमएस्सी. म्हणाली, "पप्पा, माझा नंबर मूळ संख्या आहे." म्हटलं, असेल. "असेल नाही, आहे! नऊ अब्ज शहाऐंशी कोटींच्या वरचा आकडा. लाखाच्या आतल्या सगळ्या, नऊ हजार पाचशे ब्याण्णव मूळ संख्यांनी कम्प्युटरवर भागून बघितलंय. एकीनेही भाग जात नाही! आणि यात दोन मिळवा, तीही मूळ. जोडमूळ! दोघी शेजारी राहतात आणि कुणी कुणाला भागत नाही." तुम्हाला सांगतो, भाग जात नाही हे ती असं सांगत होती, जशी एखादी आई बाळाला पहिला दात आल्याचं सांगते.

पण मी पडलो मुलीचा बाप. गुपचूप केबिन रोडवरचं मोबाइलचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणतो, "अंकल, शादी का मामला है ना? टोटल नाइन ले जाओ, एकदम लकी!" घेतलं सिमकार्ड, ठेवलं तिच्यासमोर, म्हटलं सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! नुसतं बघूनच म्हणाली, "पप्पा, टोटल नऊ म्हणजे नऊने भाग जाणारच, आकडा कितीही मोठा असू दे. म्हणजे त्यांच्या घरात मूळ संख्या कधी येऊच शकत नाही." मी भडकलो. "अगं, साधं सिमकार्ड आहे! काय जातंय तुझं?" तर शांतपणे म्हणते, "आज नंबर. उद्या?"

उद्या कशाला, संध्याकाळीच नीलमताईंचा फोन! "नंबर झाला ना? छान. नावाचीही टोटल काढून घेतलीय आम्ही. लग्नात ताटातल्या तांदळावर 'संपदा' लिहायचं." पोरीने माझ्या हातातून फोन घेतला. "काकू, भाग जात नाही," एवढंच बोलली. झालं! सोयरीक मोडली.

काय बोललो नाही मी तिला! "नावाचं काय एवढं घेऊन बसलीस? तुझ्या आईचं नाव नाही बदललं मी? काय बिघडलं तिचं? विचार तिला!" मग मीच इरेला पेटलो, स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "शालू!" ...काही नाही. "ए शालू!" ...विळीचा आवाज चालूच. लाज वाटली हो मला, खरंच सांगतो. पोर माझ्याकडे बघत होती.

मग उर्मिला पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "अहो, कोणाला हाक मारताय?"

म्हटलं, कुणाला नाही गं. चालू दे तुझं.