एका कॉलमात मावलेलं लंडन

सूत्रसंचालकांनी नाव पुकारण्याआधीच ज्यांनी अध्यक्षस्थान भूषवलं, ते आदरणीय अप्पाराव. व्यासपीठावर दाटीवाटीनं विराजमान झालेले मान्यवर. आजची सत्कारमूर्ती, आपल्या गल्लीची पहिली परदेशगामिनी, चि. मेघा हिवराळे, पहिल्या रांगेतले तिचे आईवडील, चंपाबाई आणि कडुबा, आणि आज नळाला पाणी यायचा दिवस असूनही घरचे हंडे सोडून इथं आलेल्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत, अध्यक्षांना पंचवीस. योग्यच आहे, हॉल त्यांचा आहे.

मी संस्कृत शिकलो आणि बातमीदार झालो, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. संस्कृतात माणूस वाघापासून भितो. ‘पासून’ म्हटलं की निदान अंतर तरी राहतं. मराठीत आपण सरळ वाघालाच भितो. मी तुम्हाला भितो आहे, आणि का, ते सांगायलाच उभा आहे.

कडुबांना कोण ओळखत नाही? महापालिकेच्या नळयोजनेचे व्हॉल्व्ह उघडतात. पाणी आलं की आपण देवाचे आभार मानतो, नाही आलं की कडुबांना फोन करतो. रस्त्याखाली पाइप कुठं गळतोय हे शोधायला ते सळईचं एक टोक डांबरावर टेकवतात आणि दुसरं कानाला लावतात. मेघा सहा वर्षांची असल्यापासून ती सळई आळीपाळीनं तिच्याही कानाला लागत आली. पुढं ती इंजिनिअर झाली, आणि हेच काम यंत्रानं कसं करायचं, ते शिकायला निघाली आहे.

महिन्यापूर्वी कडुबा पेढे घेऊन गुलमंडीतल्या आमच्या कार्यालयात आले.

“साहेब, मेघाचं झालं बरं का फॉरेनचं!”

“अरे वा! कुठं?”

“दोन जागी बोलावलंय. येक लंडन. दुसरं… थांबा, चिठ्ठी हाय.”

चिठ्ठीवर नेदरलँड्समधल्या एका गावाचं नाव होतं. ते आम्ही दोघांनी वाचलं, तर गावं दोन झाली.

“मग जायचं कुठं?”

“ते पोरगी ठरवील नं. टाइम हाय अजून.”

हे वाक्य मी स्पष्ट ऐकलं होतं. पण बातमीला जागा होती एका कॉलमची, आणि त्या डच गावाला अडीच कॉलम लागले असते. लंडन तीन अक्षरांत बसतं. मी मथळा दिला, ‘कडुबांची कन्या लंडनला’. पेढा तोंडात होता, प्रश्नचिन्ह सुचलं नाही.

मग आपल्या शहराची रीत सुरू झाली. इथं माणसाची बॅग भरण्याआधी बॅनर लागतं. तिसऱ्या दिवशी क्रांती चौकात फ्लेक्स: मेघा, तिच्यामागं लंडनचा मनोरा, आणि दोघांहून उंच अप्पाराव. बिडकीनला भावकीनं मिठाई वाटली. शाळेनं सत्कार केला, आणि आज आपण करतो आहोत. या सगळ्यात पोरीला कुणी विचारलंच नाही.

परवा मी या भाषणाची तयारी करत होतो. याच सभागृहात तीन वर्षांपूर्वी आपण दुसऱ्या गल्ल्यांतल्या काही मुलींना परदेशी जाताना निरोप दिला होता. त्यातल्या एकीला फोन लावला. म्हटलं, दोन गोड वाक्यं मिळतील. नाव घेत नाही. तिची आई कदाचित इथं बसली असेल, आणि आईला ती दर रविवारी सांगते, कॉलेज लई भारी हाय. मला म्हणाली, “काका, सहा महिन्यांत आमचा कोर्सच बंद केला. म्हणे, दोन महिन्यांत दुसरीकडं बघा, नायतर माघारी जा. माघारी कशी येऊ? तुम्ही बॅनर लावलं होतं नं.”

मग तीच म्हणाली, “मेघाला येक इचारा. तिला शिकवणार कोण, त्याचं नाव तिला ठाऊक हाय का? मला येकाचंबी नव्हतं. मला निस्ता बिल्डिंगीचा फोटो पाठ होता.”

काल मी मेघाला तेच विचारलं. नेदरलँड्सच्या बाईंचं नाव तिनं झटकन सांगितलं. गळतीवर काम करणाऱ्या प्राध्यापिका. अकरा ईमेल झालेत, आणि बाईंनी कडुबांच्या सळईचा व्हिडिओसुद्धा मागवून घेतला. लंडनचं विचारलं तर तिनं ज्याचं नाव घेतलं तो आपल्याच चौकातला, फॉर्म भरून देणारा निघाला.

“मग लंडनला होकार का देतेस?”

“काका, पेपरात आलंय. आता दुसरीकडं गेले तर लोक म्हणतील, लंडननं काढून टाकली. बाबा डूटीवर गल्लीगल्लीत फिरतात. त्यांना येक जण सोडणार नाय.”

होकार कळवायची मुदत उद्या दुपारी बारापर्यंत आहे. एकदा बटण दाबलं की तिला मिळालेली शिष्यवृत्ती त्याच विद्यापीठाच्या नावावर जाते, मग बदल नाही. तीन आठवडे ही मुलगी धड जेवलेली नाही, आणि चंपाबाईंना वाटतंय, विमानाला भिते.

हे सगळं तिला विचारून बोलतो आहे. ती म्हणाली, “तुमीच बोला, माझ्याच्यानं व्हायचं नाय.”

तेव्हा ऐका. मेघा लंडनला चालली, ही बातमी खोटी होती आणि ती मी दिली. लंडननं तिला काढलेलं नाही. ठरलं काहीच नव्हतं; ठरवलं मी.

काय म्हणता, कडुबा? मोठ्यानं बोला.

“म्हन्लं, मला लोकं रोजच बोलत्यात, पानी नाय आलं म्हनून. त्यात आनखी येक. पोरी, तू माझ्यापायी चालली व्हतीस व्हय गं तिकडं?”

चंपाबाई, तिला जवळ घ्या. थांबतो मी.

नेदरलँड्स बरोबरच ठरेल अशी हमी मला देता येत नाही. परका मुलूख, परकी भाषा, थंडी, आणि एकटी पोर. मला काल झोप लागली नाही, आजही लागेलसं वाटत नाही. एवढंच कळतं, की तिथं एका दाराआड तिला नावानं ओळखणारं एक माणूस आहे. दुसरीकडं फक्त दार आहे, आणि ते उद्या असेल की नाही, ठाऊक नाही. तरी ठरवायचं तिनंच. मी एकदा ठरवून पाहिलं.

अध्यक्ष महाराज, तो फ्लेक्स आज उतरवावा. आपला फोटो कापून ठेवता येईल, निवडणुका आहेतच.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. भाषणातला पाल्हाळ पोटात घाला. बातमीतली चूक मात्र पोटात घालू नका, भेटेल त्याला माझ्या नावानिशी सांगा. आणि हात जोडून एकच मागतो. उद्या दुपारी बारापर्यंत हिवराळ्यांच्या घरी कुणीही फोन करू नका. पाणी आलं नाही तरीसुद्धा.